साल निघते, तसंच लिहा!

मी कांद्याची प्रतवारी करणारं यंत्र बोलतोय. मोठा कांदा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, एवढंच माझं काम. आणि ताठ मानेनं सांगतो, ते मला धड जमलं नाही!

माझा जन्म नाशिकच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमधला. शेवटच्या वर्षाच्या सृष्टीनं आणि देवव्रतनं मला घडवलं. सृष्टी नामपूरची, घरचा कांदा. चाचणीसाठी तिनं घरूनच गोण्या मागवल्या. मी निवड झकास केली. पण माझे रोलर खरखरीत, बऱ्याच कांद्यांची साल निघाली. सृष्टीचा चेहरा उतरला. "साल गेलेला हा कांदा साठवणीच्या चाळीत टिकायचा नाय," ती म्हणाली.

देवव्रतनं मात्र अहवालात लिहिलं, 'सदर यंत्राद्वारे प्रतवारीचे कार्य यशस्वीरीत्या संपन्न झाले.'

त्यांना तांत्रिक लेखन शिकवणाऱ्या मृण्मयी मॅडम ते वाचून हसल्या. "अरे, यात कांदा कुठाय? काय घडलं ते आधी मला तोंडी सांग."

देवव्रत अडखळत म्हणाला, "मॅडम, निवड होते... पण साल निघते."

"मग लिही की तसंच!"

त्यानं लिहिलं. विभागप्रमुख वेणीमाधव सर भडकले. "यंत्र स्पर्धेला पाठवायचंय. ते सालीचं वाक्य काढून टाका."

"मग सर, अहवालावरची माझी सहीही काढा," मॅडम म्हणाल्या.

"आणि सर," सृष्टी पुढे झाली, "हे वाचून कुणी असं यंत्र बनवलं अन् त्याचा कांदा सडला, तर?"

सर निघून गेले. वाक्य राहिलं. मी स्पर्धेला गेलो नाही, पोरांचे मार्कही कापले गेले. पण देवव्रतनं ते वाक्य खोडलं नाही.

पुढच्या वर्षी नव्या बॅचच्या रुद्र आणि ओवी यांनी तो अहवाल वाचला आणि सरळ माझ्या रोलरलाच हात घातला. त्यावर मऊ रबर चढवलं. आता साल पुष्कळ कमी निघते. निघते मात्र! ओवीनं तेही लिहिलंय, कुणाला न विचारता.

उद्या मला भंगारात घालायचं तर खुशाल घाला. पण माझ्यावर 'यशस्वी' अशी पाटी ठोकायला कुणी आलं, तर सांगून ठेवतो, बटण दाबून दमाल, मी जागचा हलणार नाही!