वाडग्यातलं काळं पाणी

जपानमधल्या अमामी बेटावरच्या त्या गावाचं सभागृह महिनाभर रोज सकाळी गच्च भरत होतं. मोठ्या शहरातून आलेले कुरेबायाशी गुरुजी पोटाचा कॅन्सर नुसत्या जेवणानं बरा करत होते, तोही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. रोग्यानं कडक हिरव्या चहाचा घोट तोंडात घोळवायचा आणि पांढऱ्या वाडग्यात थुंकायचा. वाडग्यातलं 'डोंगरझऱ्याचं पाणी' क्षणात शाईसारखं काळं व्हायचं. हे तुमच्या पोटातलं विष, असं गुरुजी हळुवारपणे सांगायचे. मग पूर्वजांचा आहार सुरू व्हायचा: हातसडीचा भात, आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचं सूप, मुळ्याचं लोणचं, समुद्रातलं शेवाळ. औषध मात्र बंद. औषध आणि आहार एका पोटात नांदत नाहीत म्हणे. एकविसाव्या दिवशी पुन्हा परीक्षा व्हायची. पाणी नितळ राहायचं आणि म्हातारी माणसं डोळे पुसायची.

सुएनो तिथं गेली ती धाकट्या भावापायी. तामेओ मासेमारी करायचा. वसंतात कॅन्सरमुळं त्याचं अर्धं जठर काढलं होतं आणि पुढं वर्षभर गोळ्या घ्यायच्या होत्या. त्या त्यानं खणात टाकल्या होत्या. सुएनोनं रागावून पाहिलं, विनवून पाहिलं.

"अक्का, माझं विष मी डोळ्यांनी पाहिलंय," तो म्हणाला. "तुझ्या डॉक्टरीणबाईंनी आजवर काय दाखवलं?"

ते विष तिलाही पाहायचं होतं. म्हणून त्याच्या एकविसाव्या दिवशी ती पुढच्याच रांगेत जाऊन बसली.

पहिल्या नव्या रोग्याचं पाणी काळं झालं तेव्हा ती दचकली, पण विषाला नाही. त्या काळ्याच्या कडेला जांभळी झाक होती आणि तो रंग पंचेचाळीस वर्षं तिच्या नखांत बसला होता. सुएनो रेशीम रंगवायची. झाडाचं लाकूड उकळून तुरट काढा करायचा, त्यात रेशीम बुडवायचं, मग ते शेतातल्या लोहाच्या चिखलात तुडवायचं. तुरट आणि लोह भेटले की काळा रंग ठरलेला. चहाही तुरटच. वाडगा जवळून गेला तेव्हा तिला गंजाचा आणि व्हिनेगरचा वास आला; म्हणजे झऱ्याच्या पाण्यात व्हिनेगरमध्ये मुरवलेलं लोखंड होतं. एकविसाव्या दिवसाच्या लोकांना घोट मिळत होता तो दुसऱ्याच किटलीतून, तुरटपणा नसलेल्या शेवाळाच्या पाण्याचा.

तामेओपुढं वाडगा आला. सुएनो उठली, चहाची किटली उचलली आणि थेट वाडग्यात ओतली. पाणी काळंठिक्कर झालं.

"गुरुजी, हा चहा कुणाच्याच तोंडात गेलेला नाही," ती म्हणाली. "मग कॅन्सर कुणाला झालाय, किटलीला?"

गुरुजींनी सांगून पाहिलं की एवढ्या रोग्यांच्या दुःखानं किटलीही बाधित झाली आहे. पण तोवर मागच्या रांगेतली कियोसे, सुएनोची रेशीम कारखान्यातली जुनी सोबतीण, पोट धरून हसत होती.

"अगं, हे तर आपलंच चिखलकाम," ती म्हणाली. "आणि आपण वेड्यासारख्या गुडघाभर चिखलात उभ्या राहिलो. नुसतं थुंकलो असतो तरी रेशीम रंगलं असतं."

सभागृह हसण्यानं दणाणलं. एकटा तामेओ मान खाली घालून बसला.

गुरुजींनी शेवटचा डाव टाकला: या आहारानं जगलेल्या तीनशे माणसांच्या सह्या. तामेओच्या गोळ्या का थांबल्या हे विचारायला दवाखान्यातून आलेल्या डॉक्टर इसोबे दाराशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, हा आहार एकूण किती जणांनी घेतला? गुरुजींना ते ठाऊक नव्हतं.

"सही करायला जिवंत माणूसच येतो," डॉक्टर म्हणाल्या. "आहारानं आयुष्य वाढतं का, हे बघायचं तर गेलेलेही मोजावे लागतात. आणि तो आहार न घेणारेही."

दुपारच्या बोटीनं गुरुजी गेले. तामेओनं विचारलं, आता उशीर झाला का? डॉक्टर म्हणाल्या, तीन आठवडे वाया गेले. रक्त तपासून गोळ्या पुन्हा सुरू करू, पण खात्री कुणीच देऊ शकत नाही. भात, मासे, भाज्या उत्तम. सूप चालेल, लोणच्यातलं मीठ मात्र कमी.

तामेओनं बहिणीकडं पाहिलं. "म्हणजे सूप प्यायचं ना?"

"पी की. पण गोळी घेऊन."

पूर्वजांचं जेवण खरंच चांगलं आहे. ते पोटभर जेवावं, पण त्याला औषधाच्या पाटावर बसवू नये. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एकदा त्याची किटली उघडून पाहावी.