बाई लावावी की नाही, याबद्दल एका बादलीचं म्हणणं

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. ‘जुनी’ असं मी स्वतः म्हणते तोवर ठीक, दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला खपत नाही. माझ्या अंगावर तीन पोचे आहेत, कडी एका बाजूला वाकलेली आहे आणि गेले काही महिने माझं डोकं, म्हणजे बादलीला जेवढं असतं तेवढं, पार चक्रावून गेलं आहे. माझी हकिगत मी तुम्हाला सांगते. ऐकून तुम्हाला काही उलगडलं तर मलाही सांगा.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. कारागिरानं पत्रा कापून गोल वळवला, बूड बसवलं, काठात तार घालून तो दुमडला आणि मग मला उकळत्या जस्तात चक्क बुडवून काढलं. बाहेर आले तेव्हा मी अशी चकाकत होते की त्यानं माझ्यात बघून आपल्या मिशा सारख्या केल्या. मला मिळालेली ती पहिली शाबासकी. तेव्हा वाटलं, आपण आरसाच व्हायला जन्माला आलो. पण तसं काही झालं नाही.

दुकानात मला एका नव्या जोडप्यानं पाहिलं. तो बस चालवायचा आणि ती घरोघरी जाऊन केर-फरशी करायची. तिनं मला उचललं, बोटानं टिचकी मारली आणि कान लावून आवाज ऐकला.

“अगं, प्लास्टिकची घे की, हलकी आहे,” तो म्हणाला.

“हलकी आहे म्हणूनच नको. जरा धक्का लागला की कलंडते,” ती म्हणाली. आपल्या धंद्यातलं माणूस आपल्याला पारखून घेतंय, हे मला तेव्हाच कळलं आणि मी खूश झाले.

पुढे त्यांना मुलगी झाली आणि त्या दोघांची नावं आई आणि बाबा अशी पडली. इतकी की ते एकमेकांनाही तसंच हाक मारू लागले. मुलीची पहिली आंघोळ माझ्यातल्या पाण्यानं झाली, हे मी अजूनही सांगत सुटते. नंतर घरात एक लाल प्लास्टिकची बादली आली. आंघोळीचा मान तिच्याकडे गेला आणि मी फरशीच्या पाण्याला लागले. मी रुसले होते, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी आई मला घेऊन बसायची आणि माझा रुसवा पळायचा.

आईची फरशी पुसायची पद्धत ठरलेली होती. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, मागे मागे सरत दाराशी यायचं आणि दोन खोल्यांना तीन वेळा पाणी बदलायचं. “पहिल्या पाण्यानं धूळ नुसती जागा बदलते,” ती लेकीला म्हणायची. पुसता पुसता ती दिवसभर पाहिलेल्या घरांच्या गोष्टी सांगायची. कुणाच्या पलंगाखाली सहा महिन्यांपूर्वीची बिस्किटं होती, कोण पाहुण्यांसमोर अत्तर लावतं आणि घरी उशीचा अभ्रा वर्षभर बदलत नाही, असं सगळं. बाबा आणि लेक पोट धरून हसायचे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असं म्हणतात ना, तसा तो कार्यक्रम असायचा. मीही हसायचे, म्हणजे कडी वाजवायचे.

नंतर आईला एका सात मजली कचेरीत साफसफाईचं कायमचं काम मिळालं. तिथे उभ्यानं पुसायचे लांब दांड्याचे पोछे होते. घरी मात्र ती फडकं घेऊन उकिडवीच बसायची. लेकीनं घरासाठी तसला पोछा आणला, तर आईनं तो चार दिवस वापरला आणि पाचव्या दिवशी दाराआड उभा केला. “हा कोपऱ्यात शिरायला लाजतो,” ती म्हणाली. तो अजून तिथेच आहे, बिचारा.

मग एक दिवस आई दवाखान्यातून आली आणि भिंतीला धरून खाली बसली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की कमरेचा मणका सरकायला लागलाय. उभ्यानं काम केलं तर चालेल, पण वाकून फरशी बंद. आणखी एकदा दुखावला तर कचेरीतलं कामही सुटेल. आणि आईला त्या कामाचा फार अभिमान होता. सातव्या मजल्याची चावी तिच्याकडे असायची.

“आजपासून फरशी माझ्याकडे,” बाबा म्हणाले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला भरलं आणि दारापासून पुसायला सुरुवात केली. पुसत पुसत ते लांबच्या कोपऱ्यात पोचले आणि सगळीकडे ओलं करून तिथेच अडकले. फरशी वाळेपर्यंत ते खिडकीत बसून राहिले. बस मागे घेणं ज्याला डोळे मिटून जमतं, त्याला स्वतः मागे सरता येऊ नये, हे मला अजून समजलेलं नाही. ते कामावर गेले आणि आईनं दार लावून घेतलं, मला पुन्हा भरलं आणि सगळी फरशी नव्यानं पुसली. लेकीनं पुसली तेव्हाही तेच. म्हणजे आधी एकदा पुसली जायची, ती आता दोनदा पुसली जाऊ लागली आणि कंबर होती ती आईचीच. याला मदत म्हणायचं का, मित्रांनो? मी नुसती पाहत राहिले.

शेवटी लेकीनं एकदा तिला रंगेहाथ पकडलं.

“आई, बास झालं. आपण बाई लावू.”

“मी लोकांची बाई आणि मीच बाई लावू?”

“मग काय झालं? न्हावी काय स्वतःचे केस स्वतः कापतो?”

“कुणी ऐकलं तर काय म्हणेल? दोन खोल्यांचं घर आणि म्हणे बाई!”

त्या दिवसापासून आमच्या घरात जो घोळ सुरू झाला, त्याला तोड नाही. सकाळी आई म्हणायची, बघ बाई कुणी मिळाली तर. संध्याकाळी म्हणायची, अजिबात नको. बाबा सकाळी म्हणायचे, लावूच. आणि संध्याकाळी आईचा चेहरा बघून म्हणायचे, तुझं तू ठरव. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मलाही धड काही ठरवता येईना. दुसरी बाई आली तर तिचे हात कसे असतील? ती मला आपटेल का? आणि नाही आली तर आईचं काय होईल? मी रात्रंदिवस नळाखाली उपडी पडून हाच विचार करत होते आणि रोज वेगळ्या उत्तराला पोचत होते.

खरं कारण एका संध्याकाळी बाहेर आलं. आई भाजी निवडत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, “मी लोकांच्या घरांबद्दल काय काय बोलते, ते तुम्ही ऐकलंय ना? उद्या आपल्याकडे येणारी बाई तिच्या घरी जाऊन माझ्याबद्दल तसंच सांगेल. आणि तिची पोरं हसतील.”

मला तर धक्काच बसला. इतकी वर्षं त्या हसण्यात मीही सामील होते आणि मला कधी असं वाटलंच नव्हतं.

तरी लेकीनं हट्ट सोडला नाही. तिनं एक बाई शोधली आणि रविवारी सकाळी आठला एकदा येऊन बघून जा, असं सांगितलं. आई “बरं” म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रविवारी बाबा कामावर गेले. लेक त्या बाईला घर दाखवायला बसथांब्यावर गेली. तिची पाठ वळली मात्र, आईनं पदर खोचला आणि मला काठोकाठ भरलं. बाई यायच्या आत तिला घर पुसून घ्यायचं होतं! आता सगळं आपणच पुसलं तर ती बाई येऊन काय पुसणार, हे मला काही केल्या समजेना. आईनं पलंगाखालच्या पेट्या ओढल्या, कपाटामागे हात घातला, पहिली खोली संपवली. दुसऱ्या खोलीत अर्ध्यावर आली आणि पाणी बदलायला म्हणून तिनं वाकून माझी कडी धरली.

मी जेमतेम दोन बोटं वर उचलली गेले. मग आईच्या तोंडून एक बारीक आवाज आला, मी दाणकन खाली आले आणि ती ओल्या फरशीवर आडवी झाली. उठता येईना, कूस बदलता येईना. माझा काठ तिनं घट्ट पकडून ठेवला होता. मित्रांनो, मी फार घाबरले. पाण्यानं भरलेली बादली कुणाला आधार देऊ शकत नाही, नुसती जागेवर उभी राहू शकते. मी तेवढंच केलं.

लेक दार उघडून आली आणि किंचाळली. तिच्यामागे ती नवी बाई होती. किरकोळ अंगाची, आईपेक्षा लहान. तिनं चपला काढल्या, जाड चादर आईच्या अंगाखाली सरकवली आणि लेकीला दुसरं टोक धरायला लावून आईला पलंगावर घेतलं. लेक डॉक्टरांना बोलवायला धावली.

आई रडत होती. दुखत तर होतंच, पण ती शरमेनं रडत होती.

“अर्धीच झालीय गं,” ती म्हणाली. “कपाटामागे बघू नकोस.”

“ताई, माझं घर बघाल तर मला दारात उभं करणार नाही तुम्ही,” नवी म्हणाली. “दिवसभर लोकांकडे वाकून वाकून घरी गेले की मी केर पायानंच कोपऱ्यात लोटते. पोरं म्हणतात, आई, तुला पगार देऊ का?”

आईला हसू आलं आणि त्या हसण्यानं कळ आली, तशी ती पुन्हा रडली. मला कळेना की आता हे रडणं धरायचं की हसणं.

नवीनं मला उचललं. हात खरबरीत होते, पण तिनं मला आपटलं नाही. ओली रेघ जिथे संपली होती बरोबर तिथेच ती बसली आणि मागे मागे सरत पुसू लागली. आई डोळे मिटून पडली होती, पण तिचा कान सगळा फडक्याकडे होता.

“पाणी बदललंस का?”

“बदललं, ताई. हे तिसरं.”

नवी पलंगाखाली पुसायला वाकली, तशी आई कळवळली. नवीनं चमकून वर पाहिलं. आईनं दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले होते.

“अहो ताई, तुम्ही पलंगावर आहात. पाय कशाला उचलता?”

आई बावरली. “सगळे उचलतात ना,” ती म्हणाली. “आपण पुसायला गेलो की सगळे उचलतात. माझ्यावर कधी वेळच आली नव्हती गं. मला वाटलं, असंच करायचं असतं.”

नवीनं फडकं माझ्या काठावर टाकलं, हात पदराला पुसले आणि आईचे पाय एकेक करून हलकेच सरळ केले. मग आईनं विचारलं, “उद्या किती वाजता येशील?”

आईचं नशीब थोर, मणका थोडक्यात वाचला. महिनाभर पडून राहावं लागलं, पण आता ती पुन्हा सातव्या मजल्यावर जाते. घरच्या फरशीला नवी येते आणि दोघी कोपऱ्यांवरून वादही घालतात. मला आईच्या हातांची आठवण येते आणि ती वाकत नाही याचा आनंदही होतो. दोन्ही एकाच वेळी कसं होतं, कुणास ठाऊक.

आता शेवटी मी तुम्हाला उपदेश करायला हवा. पण घरात बाई लावावी की लावू नये, हे मला आजही सांगता येणार नाही. माझी काळजी घ्या, असंही मी म्हणत नाही. मित्रांनो, एवढंच करा. कुणी तुमच्या पायांशी फडकं घेऊन आलं आणि तुम्ही पाय वर घेतलेत, तर एकदा खाली बघा आणि विचारा, “कंबर कशी आहे?” आणि “बरी आहे” असं उत्तर आलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. आमची आई अकरा वर्षं तेच सांगत होती.