दोनशे दहा पावलं

धाकटीचं वय आज अठ्ठ्याहत्तर. काल कोण येऊन गेलं ते तिला आठवत नाही, पण ताईच्या गाडीचा आवाज कोणत्या गिअरला कसा बदलायचा ते ती अजून तोंडाने काढून दाखवते. नातवंडं हसतात. हसू देत. त्यांच्या आजीची थोरली बहीण गावात बायकांना गाडी शिकवणारी पहिली बाई होती, हे त्यांना वर्षातून चारदा तरी ऐकावं लागतंच.

शाळा म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि दारात ती राखी रंगाची गाडी. छपरावर ‘शिकाऊ’ अशी पाटी. शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात, एक शिकणारीच्या पायाशी, दुसरा शिकवणारीच्या. ताई शेजारी बसायची आणि धाकटी मागच्या सीटवर, कारण मागे कोणीतरी ओळखीचं असलं की नवख्या बायकांना धीर येई. नाक्यावरचे रिकामटेकडे ओरडायचे, “रस्ता सोडा रे, फौज निघाली!”

ताई काच खाली करून सांगायची, “तुमच्या बायकोचा तास गुरुवारी आहे. तेव्हा झाडावर चढून बसा!”

शिकवायची तिची एक पद्धत होती. नवखी बाई घाबरली की भर रस्त्यात थांबते आणि मागचा येऊन आदळतो. म्हणून गाडीने आचका दिला, कोणी हॉर्न वाजवला, काही झालं तरी ताई एकाच संथ सुरात म्हणायची, “चालू द्या, चालू द्या. मी आहे.” आणि पाय ब्रेकच्या शेजारी ठेवायची, ब्रेकवर नाही. “मी ब्रेक दाबला की तिचा धीर दबला,” असं तिचं म्हणणं. त्या सुरावर सत्तर-ऐंशी बायका गाडी शिकल्या.

त्या सकाळी ग्रंथपालबाई चालवत होत्या. वाचनालयात सगळी नोकरी हळू बोलण्यात गेलेली, तेव्हा हॉर्नसुद्धा त्या माफी मागितल्यासारखा वाजवायच्या. पाण्याच्या टाकीमागचा रस्ता, लाकडाच्या वखारीपुढे दोन ट्रक उभे. त्यांच्या मधून एक सायकल एकदम बाहेर आली. धप्प आवाज झाला, गाडी हलली, आणि ग्रंथपालबाईंनी “अगं बाई!” म्हणून ताईकडे पाहिलं.

ताईच्या तोंडून कित्येक वर्षांच्या सवयीने, त्याच संथ सुरात निघालं, “चालू द्या, चालू द्या. मी आहे.”

बाईंनी चालू दिलं. ऐकणारी विद्यार्थीण होती.

मागच्या काचेतून धाकटीला आडवी पडलेली सायकल दिसली. ती तिकडे बघतच राहिली. वळण आलं, मागे पडलं. तेव्हा कुठे ताईचा पाय ब्रेकवर पडला.

“मी काय बोलले?” ती म्हणाली. मग बाईंना बाजूला बसवून तिने स्वतः गाडी वळवली, मागे आणली आणि सायकलीपाशी उभी केली. पडले होते ते बाजारातले म्हातारे घड्याळजी. ताईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. धाकटी वखारीत फोन करायला धावली. दवाखान्यात पोचायच्या आधीच ते गेले.

वखारीत करवतीचं यंत्र चालू होतं, त्यामुळे कोणी काही पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. पोलीस आले तेव्हा गाडी तिथेच होती. पंचनाम्यात त्यांनी तसंच लिहिलं, गाडी घटनास्थळी उभी.

ताईच्या एका विद्यार्थिनीचे यजमान वकील होते. सगळं ऐकून घेऊन ते टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, “सायकल ट्रकच्या आडून आली. तुमचा वेग बैलगाडीचा. ठोकर काही तुमच्या माथी येत नाही. फक्त त्या वळणाचं नाव काढू नका.”

“काढलं तर?”

“तर वेगळाच खटला. ठोकर हा अपघात असतो ताई, पण माणसाला टाकून निघून जाणं हा गुन्हा. माणूस दगावलाय, म्हणजे कैद होऊ शकते. शिकाऊ चालकाची जबाबदारी शेजारी बसणारीवर, त्यात हुकूमही तुमचाच. शिकवायचा परवाना तर गेलाच म्हणून समजा.”

ताई आठ दिवस गप्प होती. धाकटी हे लपवत नाही. ताई गप्प होती, आणि धाकटीला ते बरं वाटत होतं. परवाना गेला तर ताईचं उरणार काय? नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. होती ती ही शाळा.

नवव्या दिवशी घड्याळजींची मुलगी दारात उभी राहिली. चाळिशीची, बारीक अंगाची, हातात चपला घेऊन आत आलेली.

“बसत नाही,” ती म्हणाली. “आभार मानायला आले. बाबा म्हणायचे, सायकलवाल्याला उडवून कोणी मागे वळूनसुद्धा बघत नाही. तुम्ही थांबलात. त्यांचं डोकं रस्त्यावर नव्हतं, कुणाच्या तरी मांडीवर होतं. तेवढ्यावर माझ्या आईला झोप लागते.”

ताई उठली. धाकटीने टेबलाखालून तिचं मनगट धरलं. ताईने ते सोडवून घेतलं.

“मी थांबले नाही,” ती म्हणाली. “आधी पुढे गेले. वळणापलीकडे. चालवणाऱ्या बाईंना ‘चालू द्या’ असं मीच सांगितलं. परत आले ती नंतर.”



“किती पुढे?” मुलीने विचारलं.

“मोजलेलं नाही. उद्या मोजून सांगते.”

“तेवढ्या वेळात बाबा वाचले असते?”

“डॉक्टर नाही म्हणतात. मला माहीत नाही.”

मुलगी वळली आणि निघून गेली. दार तिने आपटलं नाही, उघडंच टाकलं. धाकटी ताईवर ओरडली, “आई असती तर तुझ्या तोंडावर हात ठेवला असता!” ताई म्हणाली, “आई असती तर आधी मला घेऊन घड्याळजींच्या घरी गेली असती.”

दुसऱ्या सकाळी दोघी टाकीमागच्या रस्त्यावर गेल्या. सायकल पडलेल्या जागेपासून वळणापलीकडे गाडी थांबली होती तिथपर्यंत धाकटी मोजत चालत गेली, ताई बरोबर. दोनशे दहा पावलं. तिथून ताई घड्याळजींच्या दुकानात जाऊन त्यांच्या मुलीला आकडा सांगून आली आणि मग ठाण्यात शिरली.

हवालदार म्हणाले, “बाई, प्रकरण बंद होत आलंय, आणि तुम्ही उघडायला आलात?”

“तुमच्या कागदात दोनशे दहा पावलं कमी आहेत,” ताई म्हणाली. “लिहून घ्या.”

खटला उभा राहिला. ग्रंथपालबाई साक्षीला आल्या, इतक्या हळू बोलल्या की न्यायाधीशांनी तीनदा “मोठ्याने” म्हटलं. चूक आपली, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ताईने उभं राहून सांगितलं, “त्यांनी माझं ऐकलं. माझं ऐकायलाच त्या येत होत्या.”

मग धाकटीचा नंबर लागला. ताईच्या वकिलांनी शेवटचा प्रयत्न केला. “मागच्या सीटवर इंजिनाचा आवाज येतो. तुमच्या बहिणीचे शब्द नीट ऐकू आले, असं शपथेवर सांगता येईल का?”

एक ‘नाही’ म्हटलं की ताईला सुटायला फट मिळत होती. धाकटीने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदा चढावर गाडी घालणाऱ्या बाईकडे पाहायची तसं ताई तिच्याकडे पाहत होती. काही सांगत नव्हती.

“चांगले ऐकू आले,” धाकटी म्हणाली. “ते शब्द मी रोज ऐकत होते. त्या दिवशीही तेच होते.”

आवाज कापला नाही. याचा अभिमान तिला आजही आहे, आणि तो ती कोणाजवळही मिरवते.

ठोकरीचा दोष कोणावर ठेवला नाही. ग्रंथपालबाईंना ताकीद मिळाली. निघून गेल्याबद्दल ताईला एक महिना साधी कैद, आणि परवाना तीन वर्षं रद्द. आपणहून परत आली आणि आपणहून सांगितलं म्हणून शिक्षा कमी, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. घड्याळजींची मुलगी शेवटच्या बाकावर होती. ती बोलायला आली नाही. जाताना तिने ताईकडे एकदा मान हलवली.

पोलीस गाडीपाशी शिपाईबाई ताईचा दंड धरायला गेली, तेव्हा ताई म्हणाली, “गाडीचं दार मला उघडता येतं, बाळ.” शिपाईबाई कानाशी लागली, “सुटून आलात की मला शिकवाल?”

“तीन वर्षं थांबावं लागेल.”

“थांबते,” ती म्हणाली.

तीन वर्षांनी दोघी परवान्याच्या कचेरीत गेल्या. अर्जात एक ओळ होती, ‘पूर्वी शिक्षा झाली असल्यास कारण’. ताई लिहायला बसली. ओळ संपली, समास संपला, तरी ती लिहीतच होती. वखार, ट्रक, स्वतःचे शब्द, वळण, सगळं. कारकुनाने चष्मा वर केला.

“बाई, एवढं कोणी विचारलेलं नाही. ‘अपघात’ लिहिलं तरी चालतं.”

“अपघाताची शिक्षा नव्हती ती,” ताई म्हणाली. “आणखी एक कागद द्या.”

रांगेतली माणसं वळून पाहू लागली. धाकटीने पुढे होऊन कारकुनाच्या हातातून कोरा कागद घेतला, ताईपुढे ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझी बहीण आहे. वेळ लागेल.”