नानांच्या मागचा लोचट

बारकीची चाळिशी उलटून गेली होती. मोटार वाइंडिंगचं तिचं स्वतःचं दुकान होतं आणि गल्लीतला प्रत्येक पंप, प्रत्येक पंखा कधी ना कधी तिच्या हाताखालून गेलेला होता. पण घरात ती बारकीच. आणि तिचे वडील, नाना, म्हणजे सुंभ जळला तरी पीळ न जळणारा माणूस. अशा बापाची लेक होणं म्हणजे काही खायचं काम नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

नानांनी चौतीस वर्षं नळाचे मीटर वाचले. एकेका फाटकापाशी थांबायचं, वाकायचं, झाकण उचलायचं, आकडा लिहायचा की पुढचं फाटक. चालण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि नेमकी त्याच माणसाची फुप्फुसं थकावीत! डॉक्टर म्हणाले, बसल्या जागी ठीक आहे, पण चालताना ऑक्सिजन हवाच. घरात लांब नळी होती, भागत होतं. बाहेर जायचं तर चाकांवरचा लहान सिलिंडर सोबत न्यायला हवा, आणि तो ओढायला लागले की नानांना दहा पावलांत धाप. मग ओढणार कोण? बारकी.

तसे ते एकदाच बाहेर पडले. पुढे नाना, मागे लेक, मधे नळी. कुणीतरी अगदी प्रेमानं विचारलं, "काय गं बारके, नानांना फिरायला काढलंस वाटतं?" झालं! नाना तिथल्या तिथे मागे फिरले. "मला फिरायला काढायला मी काय तान्हं पोर आहे?" त्यानंतर आठ महिने त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. बारकीनं समजावलं, रागावली, रडलीसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी.

आता गंमत अशी, की नानांची थोरली बहीण, आक्का, त्याच रस्त्यावर राहायची. सरळ जायचं, कोपरा वळायचा, थोडा चढ की आलंच तिचं घर. पाच मिनिटांची वाट. आई गेल्यावर तिनंच नानांना वाढवलं होतं. पण तिचे गुडघे गेलेले. दारापुढच्या पाच पायऱ्या उतरायच्या म्हटलं तरी तिच्या जिवावर यायचं. त्यामुळे आठ महिने दोघं फोनवर भांडत होती.

"गाडीनं ये की रे!"

"आणि काय, सिलिंडर मांडीवर घेऊन, लेकीचा हात धरून तुझ्या दारात उतरू? येईन तो माझ्या पायांनी येईन. मागे लटांबर घेऊन नाही."

"मग बस तिथंच."

"बसतो!"

रोज हेच. दोघंही एकाच माळेचे मणी, दुसरं काय म्हणायचं?

मग एका सोमवारी आक्कानं सांगितलं की तिचा मुलगा तिला न्यायला येतोय. लांबच्या गावी, कायमचं. दोन आठवड्यांनी, रविवारी. "गाडी तुझ्या दारावरूनच जाईल," ती म्हणाली. "खिडकीतून हात हलवीन हो." आणि फोन ठेवून दिला.

त्या दिवशी नाना भांडले नाहीत. जेवलेही नाहीत. खिडकीचा गज धरून रस्त्याच्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. नाना आजारी असलेले तिला सोसत होते, चिडलेले तर सवयीचेच होते, पण असे गप्प झालेले नाना तिला बघवेनात.

ती दुकानात जाऊन बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "मागे माणूस नको ना? ठीक आहे. माणूस नसलेलं काहीतरी मागे येईल!"

माणसाच्या मागे चालणारी यंत्रं विकत मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून धडधाकट माणसालाही धाप लागावी. बारकीकडे पैसा नव्हता, भंगार मात्र मुबलक होतं. मोटारगाडीच्या काचा पुसणाऱ्या दांड्या असतात ना, त्यांच्या दोन मोटारी. कुणीतरी टाकून दिलेल्या बाबागाडीची चाकं. जुन्या स्कूटरची बॅटरी. प्लायवूडची फळी आणि त्यावर सिलिंडर बसवायला खाच. डोकं म्हणून तळहाताएवढं सर्किट, ज्यात काय करायचं ते लिहून भरता येतं. आणि पुढे दोन डोळे. ते डोळे आवाज सोडायचे, समोर आपटून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे, आणि समोर कुणीतरी इतक्या इतक्या अंतरावर आहे हे ओळखायचे.

समोर *कुणीतरी* आहे. कोण आहे, ते नाही. घोडं तिथंच अडलं.

सिलिंडरच्या जागी वाळूची पिशवी ठेवून बारकीनं गाडी रस्त्यावर आणली. आठ-दहा पावलं ती तिच्या मागे झकास आली. तेवढ्यात शेजारच्या शिकवणीवाल्या बाई दोघींच्या मधून गेल्या, आणि गाडीनं बारकीला सोडून बाईंची पाठ धरली. बाई भरभर चालायला लागल्या, गाडीही भरभर चालायला लागली. बाई पळाल्या. "अगं बाई, हे काय माझ्या मागे लागलंय!" वाण्याच्या दुकानात शिरून त्यांनी फळीपलीकडे आसरा घेतला, तेव्हा कुठे गाडी पोत्यांना टेकून थांबली.

खिडकीत नाना हसत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा. इतके हसले की नाकातली नळी निसटली. "बारके, हा तर लोचट निघाला! दिसेल त्याच्या मागे!"

नाव पडलं ते पडलंच.

बारकीही हसली, पण तोंडदेखलं. दिवस जात होते. माणूस ओळखणारा कॅमेरा बसवायचा तर दुकान विकावं लागलं असतं. मग लोचटनं खुणेनं मागे यावं म्हणून तिनं पाठीला लावायची लुकलुकत्या दिव्याची डबी करून पाहिली. उन्हात गेली की लोचट आंधळा. वैतागून तिनं आक्काला फोन लावला.

"दोरी बांध," आक्का म्हणाली.

"आत्या, दोरी बांधली तर तो रोबो कसला?"

"मला मेलीला रोबो नकोय गं. माझा भाऊ हवाय."

बारकीनं फोन ठेवला आणि समोर पाहिलं तर टेबलावर मोजपट्टी पडलेली. सुताराकडे असते तशी, ओढली की लांब होणारी, सोडली की सर्रकन आत जाणारी. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिनं पट्टी काढून फेकली, आतली स्प्रिंग ठेवली आणि तिच्यावर मासेमारीचा पक्का दोरा गुंडाळला. दोऱ्याचं टोक नानांच्या पट्ट्याला मागच्या बाजूला अडकवायचं. दोरा किती बाहेर आला यावरून अंतर कळणार, कुठल्या बाजूला झुकला यावरून दिशा. हे मोजायला जुन्या रेडिओतली आवाजाची दोन बटणं पुरली. दोरा नळीपेक्षा आखूड ठेवला, म्हणजे नळीला कधीच ताण नको. दोरा तुटला तर लोचट जागच्या जागी थांबून ओरडणार.

अंगणात तिनं त्याला स्वतःच्या मागे शंभरदा फिरवलं. एकदाही चुकला नाही. बारकीला वाटलं, जिंकले.

बुधवारी सकाळी नानांना बाहेर काढलं. मनधरणी करून, शपथा घालून, आणि पाच पावलं लांब राहण्याच्या बोलीवर. नाना निघाले. लोचट निघाला. पहिलं फाटक आलं, आणि नाना अचानक डावीकडे वळले, थांबले, वाकले. लोचट वेगात होता, तोही वळून त्यांच्या टाचांपाशी आला. नाना सरळ झाले, एक पाऊल मागे सरकले आणि थेट लोचटवर बसले. नशीब, कुठे लागलं नाही. पण समोरच्या घरातून कुणीतरी हसलं.

"हे मला हाकलतंय!" नाना धापा टाकत गरजले. "माझ्यापेक्षा यालाच घाई!"

"नाना, सरळ चालायचं सोडून फाटकाकडे वळलात कशाला?"

"मीटर बघत होतो."

"तुम्ही निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली!"

"मग? मीटर निवृत्त झालेत का?"

आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. "पुन्हा या लोचटाचं नाव काढायचं नाही!"

बारकी अंगणात बसून राहिली. आधी नानांचा राग आला, मग यंत्राचा, आणि शेवटी स्वतःचा. कारण यंत्राची चूक नव्हती, नानांचीही नव्हती. लोचट तिच्या चालीवर शिकला होता. सरळ, झपझप, दुकान उघडायची घाई असलेल्या बाईच्या चालीवर. आठ महिने ती नानांच्या खोकल्याकडे कान लावून होती. त्यांच्या पायांकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

मग तिनं पाहिलं. गुरुवार आणि शुक्रवार दुकान बंद ठेवून ती घरभर त्यांच्या मागे वही घेऊन फिरली. "काय लिहितेस?" "मीटर वाचतेय तुमचा." नऊ पावलं, एक थांबा. वाकण्याआधी डावा हात कशावर तरी टेकणार. सरळ झाले की एक पाऊल मागे, हमखास, जणू झाकण मिटायला जागा देताहेत. मग चार आकडे लिहून होतील इतका वेळ श्वास. मग पुन्हा हळू सुरुवात. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. खाटेपासून न्हाणीघरापर्यंत जातानासुद्धा हा माणूस मीटरच वाचत होता!

तिनं लोचटला नवं लिहून भरलं. दोरा आत येऊ लागला की तिथंच थांब. ते मागे सरकले तर तूही मागे सर. पुन्हा निघाले तर आधी चार आकडे मोज, मगच चाक हलव. थोडक्यात, तिनं त्याला आळशी केलं. पळायला शिकवलं होतं एका दिवसात, थांबायला शिकवताना घाम निघाला.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी आक्काची गाडी.

"नाना, एकदाच. आपल्या फाटकापर्यंत."

"नाव काढू नकोस म्हटलं होतं ना?"

"नाव नाही काढलं. दोरा अडकवतेय."

नाना पुटपुटत उठले. अंगणात नऊ पावलं चालले, थांबले. लोचटही थांबला. मुद्दाम वाकले. लोचट ढिम्म. सरळ होऊन एक पाऊल मागे टाकलं, तर लोचट अदबीनं मागे सरला. नानांनी आणखी एक पाऊल मागे टाकलं. तो आणखी सरला.

"अरे वा," नाना म्हणाले, "साहेबांना वाट देणारा शिपाई झाला की हा!" मग जरा थांबून, "फाटक उघड."

"नाना, फाटकापर्यंतच ठरलं होतं."

"उघड म्हणतो ना! आणि तू इथंच थांबायचंस."

सिलिंडरचा काटा भरलेला होता, चांगले दोन तास पुरला असता. खिशात फोन होता. तरी बारकीनं डझनभर सूचना केल्या आणि नानांनी त्यातली एकही ऐकली नाही. ते निघाले.

पहिलं फाटक. मीटर. दुसरं फाटक. मीटर. "गळतंय हो तुमचं!" त्यांनी आत ओरडून सांगितलं. शिकवणीवाल्या बाईंनी लोचटला पाहिलं आणि झटकन पायरीवर चढल्या, पण त्यानं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकजण म्हणाला, "नाना! कुठं निघालात?" *निघालात*, असं म्हणाला तो. "बहिणीकडे!" नानांनी सांगितलं. श्वास पुरत नव्हता तरी त्यांचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला. मग तेही कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, आणि दिसेनासे झाले.

बारकीनं एक मिनिट कळ काढली. दुसरं काढता आलं नाही. चढावर धाप लागली तर? चाक खड्ड्यात गेलं तर? नानांचा हुकूम मोडून ती कोपऱ्यापर्यंत धावतच गेली.

नाना चढ चढून गेले होते. आणि आक्का, जिला पाच पायऱ्या जिवावर यायच्या, ती पाचही उतरून रस्त्यावर उभी होती. कठडा सोडून, दोन्ही हातांनी भावाचा चेहरा धरून. "पाच मिनिटांच्या वाटेला आठ महिने लावलेस होय रे, हट्टी!" ती रडतही होती आणि त्याच्या गालावर चापट्याही मारत होती. नानांना बोलता येत नव्हतं. ते नुसते मान हलवत होते, हसत होते, आणि त्यांच्या मागे लोचट मुकाट उभा होता.

बऱ्याच वेळानं नानांचा श्वास जागेवर आला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त हात वर केला.

"बारके, घरी जा. मागे येणारं एक पुरे आहे मला."

बारकी परत फिरली. डोळे पुसत, एकटीच हसत. ऐकायला मागे-पुढे खोकला नव्हता, ओढायला हातात काही नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावेत तेच तिला कळेना. आपलं फाटक आलं आणि मागे पडलं, हेही तिच्या लक्षात आलं नाही.

"अगं, घर मागे राहिलं तुझं!" शिकवणीवाल्या बाई अजून पायरीवरच होत्या. "दुकानात निघालीस का?"

"उघडीन की दुपारनं," बारकी म्हणाली. "आत्ता जरा फिरून येते."