चार बोटांचं जाळं

सभा अजून सुरूसुद्धा झाली नव्हती आणि आक्काच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

तळ्याकाठच्या मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये, बर्फाची पेटी आणि वजनकाटा यांच्या मधे, चेअरमननी टेबल मांडलं होतं. टेबलावर तिच्या धाकट्या भावाचा मासेमारीचा परवाना ठेवलेला. समोर चाळीसेक होड्यांचे मालक. आणि धाकटा, पंचेचाळिशीचा बाप्या, एका पालथ्या टोपलीवर मान खाली घालून बसलेला. आज परवाना गेला की होडीही जप्त होणार होती, आणि होडीखेरीज त्याला या जगात दुसरं काही येत नव्हतं.

आरोप असा होता. तळ्यातले मासे वर्षागणिक लहान होत चालले होते. आबांच्या, म्हणजे आक्काच्या वडिलांच्या वेळी हातभर मासा निघायचा. आता वीतभर निघाला तरी लोक शेजाऱ्याला बोलावून दाखवत. म्हणजे कुणीतरी चोरून बारीक भोकाचं जाळं टाकतंय, पिल्लं उपसतंय. आणि सगळ्यांत लहान मासे कोण आणतं? धाकटा. त्याची होडी जुनी, खोल पाण्यात जात नाही, म्हणून तो काठाकाठानं उथळ पाण्यात फिरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ठरवलीच, तर संन्याशाचं ऐकतंय कोण!

आक्काला राग यायला आणखी एक कारण होतं. त्या तळ्यावरचं एकूण एक जाळं तिच्या हातचं होतं. आबांनी चाळीस वर्षांपूर्वी नियम घालून दिला होता: जाळ्याचं भोक चार बोटांचं. लहान मासा निसटू द्या, मोठा तेवढा घ्या. शेडच्या भिंतीवर तो नियम रंगवलेला होता आणि दर दोन वर्षांनी त्यावर नवा रंग चढत होता. आक्का चार बोटांच्या लाकडी पट्टीवर गाठ मारायची, तिसाव्या वर्षी मारायची तशीच साठाव्या वर्षीही. भावाच्या जाळ्याची गाठ न् गाठ तिची होती. त्यात बारीक भोक असतं तर तिला कळलं नसतं?

म्हणून आदल्या दिवशी सकाळी ती मापवालीकडे गेली होती. मासे मोजायला कॉलेजातून आलेली ही मुलगी दोन महिने काठावरच्या खोलीत राहत होती. आक्काला तिच्याकडून फक्त एक कागद हवा होता, की जाळं बरोबर चार बोटांचं आहे.

मापवालीनं जाळं मोजलं, कागद दिला, आणि मग म्हणाली, "आक्का, जरा भिंगातून बघा."

भिंगाखाली धाकट्याच्या टोपलीतल्या माशाचा एक खवला होता. त्यावर वलयं होती. दर वर्षी एक, मापवाली म्हणाली. आक्कानं मोजली. सहा.

"हे वीतभर कार्टं सहा वर्षांचं?"

"हो. पिल्लू नाहीये ते. वाढून वाढून एवढंच झालंय."

"म्हणजे काय, जाळं बघून मासे अंग आखडायला शिकले की काय? आणि पोरांनाही शिकवलं?"

मापवाली हसली. "पूर्वी मोठीमोठी शहाणी माणसंही साधारण असंच समजायची. आईबापांनी अंगाला लावलेली सवय पोरांत उतरते म्हणून. पण तसं नसतं. कुठल्याच माशाला काही कळलं नाही, कुणी काही ठरवलं नाही. एकाच आईची पोरं सारखी असतात का? काही झपाझप वाढतात, काही मुळातच खुजी. झपाझप वाढणारी तुमच्या चार बोटांत अडकली, अंडी घालायच्या आतच. खुजी निसटली, त्यांनी अंडी घातली. खुज्यांची पोरं खुजी. त्यांतलीही जी जरा वाढली, ती अडकली. असं चाळीस वर्षं."

आक्कानं भिंगातून ती सहा वलयं पुन्हा एकदा मोजली. मग तिला भयंकर राग आला. आधी त्या मुलीचा, की बये, एवढं ठाऊक होतं तर दोन महिने तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? मुलगी म्हणाली, मी चेअरमनना दोनदा सांगितलं, ते म्हणाले रिपोर्टात लिहा. मग आक्काला स्वतःच्या हातांचा राग आला.

आणि आता ते चेअरमन घसा खाकरून सभेला सांगत होते, "आबांचा नियम ज्यानं मोडला, त्याला या तळ्यावर जागा नाही."

"थांबा," आक्का उठली. तिनं मापवालीचा कागद टेबलावर आपटला. "जाळं चार बोटांचं आहे. मोजून घेतलंय."

"हे दाखवायचं जाळं असेल, आक्का. टाकायचं वेगळं असेल."

"असं?" तिनं धाकट्याच्या टोपलीतला एक मासा उचलला, वजनकाट्याजवळची सुरी घेतली आणि चेअरमनच्या पुढ्यात, परवान्याच्या शेजारीच, त्याचं पोट फाडलं. पिवळी गाबोळी टेबलावर आली. "हे पिल्लू का? पिल्लाच्या पोटात अंडी असतात का हो? जन्म गेला तुमचा मासे धरण्यात!" तिनं दुसरा फाडला. तिसरा फाडला. "कुणी पिल्लं चोरत नाहीये. आपणच चाळीस वर्षं मोठे मोठे वेचून खाल्ले, आणि वंश वाढवायला खुजे ठेवले. नियमानंच हे झालंय. माझ्या बापाच्या नियमानं आणि माझ्या हातच्या जाळ्यांनी. साप साप म्हणून भुई काय धोपटताय?"

मागच्या बाकावरचा एक म्हातारा पुढे आला, गाबोळी बोटानं दाबून बघितली आणि मान हलवत परत गेला. त्याला पटलं होतं. आक्कानं ते पाहिलं आणि तिला वाटलं, आपण जिंकलो.

"मग करायचं काय म्हणतेस?" चेअरमननी विचारलं.

"खोल पाण्यात पाच-सात वर्षं जाळं टाकायचं नाही. तिथं जे थोडे मोठे उरलेत, त्यांना अंडी घालू द्यायची."

आणि तिथंच सगळं फिसकटलं. खोल पाण्यावरच तर चाळीसांतल्या पस्तिसांची चूल पेटायची. कुजबुज सुरू झाली. आक्काला वेड लागलंय. बापाला बोल लावते. त्या शिकलेल्या पोरीनं डोक्यात भरवलंय.

"आबांचं नाव पुन्हा घेऊ नकोस," कुणीतरी ओरडलं.

तेव्हा धाकटा टोपलीवरून उठला. "मी टाकलं बारीक जाळं," तो म्हणाला. "आबांचा काही दोष नाही. तिचाही नाही."

अख्ख्या शेडनं सुटकेचा श्वास सोडला. माणसांच्या खांद्यांवरून ओझं उतरलेलं दिसत होतं. चेअरमननी पेन उघडलं.

"ए गाढवा!" आक्का किंचाळली. "कुठलं जाळं? विणलं कुणी? चेअरमन, या तळ्यावर जाळं विणणारी मी एकटी आहे. विचारा मला. विणलं का म्हणून विचारा!"

"आक्का, तू बस."

"विचारा म्हणते ना!"

चेअरमननी तिच्याकडे बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. पेन चाललं, शिक्का बसला, परवाना ड्रॉवरमध्ये गेला. चेअरमन मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. पुढच्या महिन्यात वीस नवी जाळी लागतील. आबांच्या मापाची."

"तुमच्या हातांना काय झालंय? विणा की!" आक्का म्हणाली. "माझ्या हातून त्या मापाची एक गाठ पडायची नाही. मोठे संपवलेत, आता खुजेही संपवा, पण माझ्या दोऱ्यानं नाही."

ती धाकट्याचं मनगट धरून त्याला बाहेर घेऊन आली, लहानपणी मारामारीतून ओढून आणायची तसं. उन्हात होड्या ओळीनं पडल्या होत्या. त्याच्या होडीला सोसायटीचा माणूस आत्ताच साखळी घालत होता.

"का रे खोटं बोललास?"

"सगळ्यांसमोर तू आबांना चोर ठरवत होतीस."

"चोर नाही म्हटलं मी त्यांना! चुकले म्हटलं. माणूस चांगला असून चुकतो रे!"

धाकटा साखळीकडे बघत राहिला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "आक्का, माझी होडी गेली. तू जाळी सोडलीस. आता आपण खायचं काय?"

कालपासून आलेल्या सगळ्या रागांत या प्रश्नाचा राग तिला सगळ्यांत जास्त आला.