दुसऱ्या टर्मचा डबा

“घे की. तुझाच हाय,” रंगनाथ कंडक्टर म्हणाला आणि त्यानं पारनेर गाडीच्या दारातून डबा माझ्यापुढे धरला.

मी हात पुढे केला नाही, कारण मी डब्यासाठी आलोच नव्हतो. कॉलेजच्या दुसऱ्या टर्मचा पहिला दिवस होता. सकाळचे तास सुटल्यावर पहिली टर्मभर पाय जसे माळीवाड्याच्या स्टँडकडे वळायचे, तसे आजही वळले होते. आई गेली, हे पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

रंगनाथमामांनी माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं. टोपी तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची होती, आणि मला मोठी होत होती.

“फाट्यावर पोरगी उबी हुती,” ते जरा हळू म्हणाले. “बहीन का तुजी?”

“हो. रतन.”

“मंग धर. ड्रायव्हर बोंबलतोय मागनं.”

मी डबा घेतला. तो कोमट होता.

आमची वाडी पारनेरच्या रस्त्याला, भाळवणीच्या अलीकडे. मी प्री-डिग्रीसाठी नगरला खोली घेऊन राहिलो तेव्हापासून आई रोज फाट्यापर्यंत चालत यायची आणि डबा गाडीत द्यायची. संध्याकाळच्या गाडीनं मी रिकामा डबा परत पाठवायचा, तो घ्यायला ती पुन्हा यायची. नगरात शिकणाऱ्या खेड्यातल्या निम्म्या पोरांचं असंच चालायचं. स्टँडवर डब्यांसाठी ताटकळणाऱ्या पोरांचा घोळकाच असायचा आणि रंगनाथमामांना कुणाचा डबा कुठला हे पाठ होतं. मला ते नावानं हाक मारत नसत. “ए कॉलेज” म्हणत.

आई दिवाळीच्या सुट्टीत गेली. साधा ताप म्हणून अंगावर काढला आणि पाचव्या दिवशी बोलणंच बंद झालं. पणत्या आणि ओवाळायचं सामान तिनं आणून ठेवलेलं होतं. ते तसंच राहिलं.

तात्या म्हणाले होते, “आता खानावळ बघ कुठंतरी. भागवू कसंबी.” तेव्हा डबा बंद झाला, असंच मी धरून चाललो होतो. टर्म सुरू व्हायला नको असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं, तरी ती सुरू झाली. वर्गात शिरलो तर मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “काय पुढारी, टोपी कुठल्या पक्षाची?” पोरं हसली. मग माझी मान आणि कानामागची चकचकीत कातडी पाहून एकेक जण गप्प झाला. इतिहासाच्या सरांनी पुस्तक उघडलं. दिवाळीआधी ज्या राजाला वेढ्यात सोडून त्यांनी पुस्तक मिटलं होतं, तो राजा अजून वेढ्यातच होता. सरांनी त्याला तिथूनच पुढे नेलं. मला त्या राजाचा फार राग आला. माझी आई जाऊन तिचं तेराव्याचं जेवणसुद्धा झालं होतं आणि याची रसदही संपली नव्हती.

स्टँडवरून आणलेला डबा मी कॉलेजच्या आवारातल्या कडुलिंबाखाली उघडला. शेजारी प्रभुदास बसला होता. प्रभुदास नेवाशाकडचा, ख्रिस्ती मुलांच्या बोर्डिंगात राहायचा आणि तिथंच वाढप्याचं काम करून जेवायचा. माझ्या वर्गातला मला खरा जवळचा असा तेवढाच.

दोन भाकरी होत्या. त्यांना भाकरी म्हणायचं, कारण दुसरं काय म्हणणार. एक कडेनं तडकून तिचे तीन तुकडे झाले होते. दुसरी मधे करपलेली आणि काठाला ओली. चटणी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली होती, तिचं तेल झिरपून डब्याच्या तळाला आलं होतं.

ते दुष्काळाचं साल. घरोघरी रेशनचा मिलो, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. त्या पिठाला चिकटपणा म्हणून नाही, थापायला घेतलं की हातातच फुटतं. आई उकळतं पाणी घालून ते पीठ अंगातली सगळी ताकद लावून मळायची. तिच्या हातची मिलोची भाकरीसुद्धा टम्म फुगायची. मग ती वरचा पापुद्रा एका बाजूनं अलगद उचलायची आणि आत चटणी भरायची, म्हणजे माझी पुस्तकं खराब होत नसत. एवढं करूनही मी नाक मुरडायचो. जेवणात खोड काढायची मला लहानपणापासून सवय. मीठ कमी, कोरड्यास पातळ, भाकरी जाड. आई मला ‘जहागीरदार’ म्हणायची. “जहागीरदार, तुमच्या बायकूचं कसं व्हायाचं ओ?”

“कुणी केली?” प्रभुदासनं विचारलं.

“बहिणीनं. आठवीत आहे.”

त्यानं एक तुकडा उचलला आणि बराच वेळ चावत राहिला. मी मात्र सगळं खाल्लं. करपलेलंही खाल्लं.

दुसऱ्या दिवशीही डबा आला, तिसऱ्याही. तात्यांनीच सांगितलं असेल म्हणून मी काही विचारलं नाही. खरं म्हणजे विचारावंसं वाटलं नाही. तास सुटायचे, मी स्टँडवर जायचो, गाडी यायची, वरून डबा खाली यायचा. त्या तेवढ्या वेळात घरी काही झालेलं नाही, असं वाटायचं. मग डबा उघडला की समजायचं.

पण भाकरी सुधारत होत्या. आधी तुकडे व्हायचे थांबले. मग करपणं कमी झालं. मग कड पातळ आली. कधी एखादी पाठीमागे पडायची, पुन्हा दगडासारखी यायची, की मला वाटायचं, हिचं आज लक्ष नव्हतं, आज तिला आईची फार आठवण आली असणार. रात्री खोलीवर बसून मी त्या दिवसाच्या भाकरीवरून घरचं असं वाचत असे आणि समोर अर्थशास्त्राचं पुस्तक उघडंच पडलेलं असे.

डोक्यावर केस आले तशी मी टोपी काढून ठेवली. सरांच्या राजाचा वेढाही उठला. आणि एका शुक्रवारी मी झाडाखाली डबा उघडला तर त्यात चटणीचा कागद नव्हता.

विसरली, असं आधी वाटलं. भाकरी उचलली तर ती हलकी लागली. कडेनं पापुद्रा सुटलेला होता. तो उचलून पाहिलं, तर आत लसणाची चटणी, अगदी काठापर्यंत पसरलेली.

मी पहिला घास घेतला आणि मला रडू फुटलं. आईला जाळलं तेव्हा मी रडलो नव्हतो. मोठा मुलगा म्हणून सगळं करायचं होतं, मडकं धरायचं होतं, लोक सांगतील तसं फिरायचं होतं. रडायचं राहूनच गेलं होतं. ते त्या दिवशी कॉलेजच्या आवारात, पोरापोरींच्या येण्याजाण्यात झालं. प्रभुदास माझ्यापुढे आडवा होऊन बसला, म्हणजे कुणाला दिसू नये. ती भाकरी आईचीच होती. चव तीच, मीठ तेवढंच. मी सावकाश, चावून चावून खाल्ली.

संध्याकाळी रिकामा डबा घेऊन स्टँडवर गेलो तेव्हा कितीतरी दिवसांनी मला बरं वाटत होतं.

“मामा, रतनला एक निरोप द्याल?”

“बोल की कॉलेज.”

“तिला म्हणावं, आजची भाकरी…”

“सांगतो,” ते म्हणाले. मग तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन खालच्या पायरीवर बसले. “पर मला एक सांग. त्या पोरीला साळा न्हाई का?”

“आहे की. भाळवणीला. आठवीत.”

“मंग ती जाती कवा?”

मला प्रश्नच कळला नाही.

“आरं, भाळवनीत साळंची घंटा हुती तवा आमची गाडी तितनं निघती. पोरं पळत असत्यात फाटकातनं आत. आन् फुडं फाट्यावर तुजी बहीन डबा घिऊन बसल्याली. रोज. गाडी लेट असली तरी बसल्याली. दप्तर न्हाई, काय न्हाई. परवा त्येंचे हेडमास्तर हुते गाडीत. म्हनले, पोरगी हुशार हाय, म्हून नाव आजून काडलं न्हाई. पर म्हनले, न आलेल्या पोरीचं नाव तरी किती दिस ठिवायचं?”

मी डबा त्यांच्या हातात दिला.

“निरोप काय देऊ?”

“नको,” मी म्हणालो. “काही सांगू नका.”

त्या संध्याकाळी मी बोर्डिंगात जाऊन प्रभुदासला गाठलं. त्यांचा एक वाढपी शाळामास्तर होऊन गेला होता आणि जागा मोकळी होती. प्रभुदास मला रेक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी माझी जात-धर्म काही विचारलं नाही, फक्त विचारलं, “भात सांडायचा नाही, जमेल?” मी जमेल म्हणालो. सोमवारपासून जेवण पक्कं झालं. हे एवढं सोपं होतं आणि मी इतके दिवस केलं नव्हतं, याचा विचार करत मी खोलीवर आलो.

रविवारी घरी गेलो. तात्या पाझर तलावाच्या कामावरून नुकतेच आले होते आणि ओसरीवर पाय धुवत होते. मी बोर्डिंगाचं सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं. पर डबाबी यिऊ दे की. दोन घास घरचं.”

“मग रतनची शाळा?”

“तिचं काय एवडं. पोरीची जात. घरात बाई न्हाई, कुनीतरी चूल पेटवाया नगं?” ते रागानं बोलले नाहीत. फक्त दमलेले होते.

“चूल सकाळी लौकर पेटंल, तात्या. तुमच्यापुरती. तिला फाट्यावर तासभर बसायला नको, एवढंच.”

“बघा तुमी दोगं,” असं म्हणून ते आत जाऊन आडवे झाले.

रतन चुलीपुढे होती. आईचं जुनं लुगडं फाडून तिनं त्याचा पदर डोक्याला गुंडाळला होता. तेरा वर्षांची पोर, पण मागून पाहिलं तर आईच बसली आहे असं वाटावं. तिला बोर्डिंगाचं सांगितलं, फुकट जेवण आहे म्हणून सांगितलं, हेडमास्तर काय म्हणाले तेही सांगितलं. शाळेचं नाव काढलं तेव्हा तिचा हात परातीत थांबला. मग ती पुन्हा मळायला लागली.

“न्हाई,” ती म्हणाली. “मी डबा देनार.”

“अगं, पर कशाला?”

“आईनं सांगितलंय. शेवटचं तेवडंच बोलली. म्हनली, दादाचा डबा चुकवू नगं.”

हे मला ठाऊक नव्हतं. मी भिंतीला टेकून बसलो. आईच्या त्या शब्दापुढे मी शाळेचं काय आणि फुकट जेवणाचं काय सांगणार होतो? तिनं माझं कशानंही ऐकलं नसतं. तिला मी ओळखत होतो. तिला समजावून काही उपयोग नव्हता, आणि तिचं नाव शाळेच्या पटावर आणखी फार तर आठवडाभर राहिलं असतं.

“रतन,” मी म्हणालो, “खरं सांगू का? तुझ्या भाकरी खाववत न्हाईत मला.”

तिनं वळून पाहिलं. तोंडावर राखेचा पट्टा होता.

“मी टाकून देतो रोज. पोरं हसत्यात. म्हनून बोर्डिंग बघितलं.”

तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी जहागीरदार होतो. आईच्या हातच्या भाकरीलाही मी नावं ठेवलेली तिनं वर्षानुवर्षं ऐकली होती.

“आदी का न्हाई सांगितलंस?”

“तुला वाईट वाटंल म्हनून.”

“समद्याच वाईट हुत्या?”

“समद्याच.”

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “सुक्करवारची बी? फुगल्याली? म्या आत चटनी भरली हुती.”

मी जाळाकडे पाहिलं. “ती तर कच्ची हुती,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि परातीतला गोळा घेऊन भाकरी थापू लागली. रडली नाही. भाकरी फुगली. तिनं ती पापुद्रा न उचलता तशीच माझ्या ताटात टाकली. माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं आणि वास आईच्या भाकरीचा येत होता. मी अर्धी खाल्ली आणि अर्धी ताटात ठेवून उठलो. त्या वर्षी भाकरी टाकणारा माणूस आमच्या वाडीत दुसरा कुणी नसेल. आडवे झालेले तात्या उठून काही तरी बोलणार होते, पण रतननं माझं ताट उचललं आणि आतल्या बाजूला नेलं.

सोमवारी सकाळी मी फाट्यावर गाडीची वाट पाहत उभा राहिलो. आई जिथं उभी राहायची ती जागा मला माहीत नव्हती. कुठेतरी त्याच बाभळीजवळ असेल. थोड्या वेळानं रतन वाडीकडून आली. घट्ट वेणी घातलेली, खांद्याला दप्तर. माझ्या अंगावरून ती भाळवणीच्या रस्त्याला लागली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी हाक मारली असती तर ती थांबली असती, म्हणून मारली नाही. वळणापर्यंत ती दिसत होती, मग दिसेनाशी झाली.

गाडी बरीच उशिरा आली. रंगनाथमामांनी दार उघडलं आणि सवयीनं डब्यासाठी हात खाली केला. मी तो हात धरला आणि वर चढलो.