जोडणी होत आहे

हर्षाली बोरस्तेने चार वर्षांपूर्वी ठरवलेली मेथड, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरायची तयार आज्ञा, एका ओळीची होती. नाशिकमधल्या तिच्या कंपनीची लायब्ररी, म्हणजे जावा भाषेतल्या तयार कोडचा संच, इतरांचे प्रोग्रॅम संदेशांच्या सर्व्हरशी जोडून देते. बाहेरच्या प्रोग्रॅमरला तिच्यातलं एवढंच दिसतं: जोडणी मागा, जोडणी मिळेल. हर्षालीच्या पहिल्या आराखड्यात तीन मेथड होत्या. त्यांतली एक, ठरलेल्या वेळेत जोडणी झाली नाही तर तसं सांगणारी. तिच्या वरिष्ठांनी, निवृत्ती सरांनी, दोन खोडल्या.

"लोकांना घाबरवायचं कशाला? लाइन गेली तर आपणच प्रयत्न करत राहू. आणि नीट बघून घे. एकदा बाहेर दिली की बदलता येणार नाही."

तिलाही ते पटलं होतं. एकच मेथड देखणी दिसत होती.

या ऑगस्टमध्ये दिंडोरी तालुक्यातल्या एका रुग्णालयात बाळंतपणानंतर अंजली नावाच्या सव्वीस वर्षांच्या बाईचा रक्तस्राव थांबेना. तंत्रज्ञ गोटीरामने संगणकावरून नाशिकच्या रक्तपेढीकडे मागणी पाठवली. तिथला प्रोग्रॅम हर्षालीचीच लायब्ररी वापरत होता. इंटरनेट बंद होतं. पडद्यावर 'जोडणी होत आहे' असं आलं आणि पन्नास मिनिटं तेच राहिलं. मागणी गेलीच नाही. अंजली वारली. फोन का केला नाही, म्हणून गोटीराम निलंबित झाला.

चौकशी समितीने कंपनीकडे लेखी खुलासा मागितला. त्यावर गोटीरामची नोकरी अवलंबून होती.

"लिही, लायब्ररी ठरल्याप्रमाणे चालली," निवृत्ती सर म्हणाले. "खोटं आहे का त्यात काही?"

"नाही, सर."

खुलासा लिहिण्याआधी ती गोटीरामच्या घरी गेली. त्याने खुर्ची पुसून दिली.

"सही पाहिजे का मॅडम कुठं?"

"नाही. त्या दिवशी काय झालं ते विचारायला आले."

"गोल फिरत व्हतं. मला वाटलं, चाललंय काम. मधीच फोन केला आन् डबल मागणी गेली तर ओरडतील. बंद पडलं असतं ना, तर लगेच लावला असता फोन."

"भाजी आणायला गेले तर दहा फोन करतो हा," त्याची बायको नवसाबाई आतून म्हणाली. "तिथं मात्र बसला बघत."

हर्षालीने चहा अर्धा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं, तीस सेकंदांनंतर मेथडने चूक कळवायलाच हवी.

"ती चूक हाताळायची सक्ती केलीस तर आपली लायब्ररी वापरणारे एकशे चाळीस ठिकाणचे प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर उभेच राहणार नाहीत. गुपचूप बदललीस तर जे तिच्या थांबण्यावर विसंबून आहेत, ते भर कामात बंद पडतील. त्यांतही दवाखाने आहेत, हर्षाली."

ते खरं होतं. तिने शेजारी दुसरी मेथड लिहिली, किती वेळ थांबायचं ते विचारणारी आणि तेवढ्यात जोडणी झाली नाही तर चूक कळवणारी. जुनीवर 'वापरू नये' अशी खूण केली.

मग खुलासा. 'लायब्ररी ठरल्याप्रमाणे चालली. ते ठरवणं माझं होतं. जोडणी झालेली नाही, हे पडद्यासमोरच्या माणसाला कळण्याची सोय मी ठेवली नव्हती.'

निवृत्ती सरांनी कागद दोनदा वाचला. पेन काढलं. 'माझं' खोडून 'आमचं' केलं, 'मी'चं 'आम्ही', आणि खाली सही केली.

गोटीराम कामावर परत आला. त्याने स्वतःहून औषधभांडार मागून घेतलं; तिथे संगणक नाही. हर्षालीने एकदा फोन केला तेव्हा तो म्हणाला, "बरं हाय मॅडम."

जुनी मेथड अजून आहे. नव्या आवृत्तीत प्रोग्रॅमरच्या पडद्यावर तिच्या नावावर 'वापरू नये'ची आडवी रेघ दिसते. रेघ असली तरी ती चालते. एखाद्या प्रोग्रॅमने तिला बोलावलं आणि लाइन नसली, की थांबते. कितीही वेळ.